हुकूम आणि हात

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयाच्या कपाटांकडे पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ज्ञानकोशाचे खंड, सटीक ज्ञानेश्वरी, इतिहाससंशोधकांची साधनांची बाडे ही सारी प्रतिष्ठेने आणि बऱ्याच अंशी नीटनेटकी उभी असतात. ज्या पुस्तकांचे पुठ्ठे सैल झालेले, पानांचे कोपरे दुमडलेले आणि शिवण पुन्हापुन्हा घातलेली असते, ती बहुधा रहस्यकथांची असतात. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) आणि त्यांचे झुंजार, धनंजय, काळापहाड यांनी मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली. त्यांच्यामागून आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही संख्येत तोच पल्ला गाठला. या लेखकांची नावे वाङ्मयेतिहासात तळटीपेच्या पलीकडे क्वचितच जातात. तरीही ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीने त्यांना जो मान दिला आहे, तो नाकारता येणार नाही.

या रहस्यकथेचा एक विशेष प्रकार आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यात खून करणारा माणूस दरोडेखोर नसतो, सूडाने पेटलेला भाऊबंदही नसतो. तो सरकारचा नोकर असतो. वरून हुकूम येतो, एक नाव दिले जाते, आणि ते नाव पुसून टाकणे हे त्याचे कर्तव्य ठरते. कथेच्या मध्यावर त्याला कळते की ज्याला मारावयाचे तो निर्दोष आहे, किंवा निदान मरणाला पात्र नाही. येथपर्यंत वाचकाला ‘आता काय होणार?’ ही उत्कंठा असते. येथून पुढे ‘आता याने काय करावे?’ हा प्रश्न त्याला छळू लागतो. पहिली उत्कंठा पुस्तक मिटताच संपते. दुसरी मात्र पुस्तक परत केल्यानंतरही वाचकाबरोबर घरी येते. हा विषय परकीय कादंबऱ्यांतून आलेला आहे, असा समज असेल तर तो दूर करणे अवघड नाही. त्याची मुळे आपल्या भूमीत फार खोल गेलेली आहेत, आणि त्यांतील एक मूळ तर बिदरच्याच मातीत आहे.

प्रथम शास्त्र पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची लुप्त मानली गेलेली पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये तो ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. कर्नाटकातील एका ग्रंथालयाने साऱ्या जगाला दिलेले हे देणे होय, हे शताब्दीच्या प्रसंगी आवर्जून आठवावे. या ग्रंथात फिरत्या हेरांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत ‘तीक्ष्ण’ आणि ‘रसद’ असे दोन वर्ग आहेत. तीक्ष्ण म्हणजे द्रव्यासाठी स्वतःच्या जिवाची पर्वा न करणारा, हत्तीशी वा श्वापदाशीही झुंजणारा शूर. रसद म्हणजे विष घालणारा, ज्याला आप्तस्वकीयांचाही लोभ उरलेला नाही असा क्रूर मनुष्य. राज्यातील जे बलाढ्य अधिकारी उघडपणे शिक्षा करता येण्यासारखे नसतील, त्यांच्यासाठी ‘उपांशुदंड’, म्हणजे गुपचूप दिलेली शिक्षा, कौटिल्याने सांगितली आहे. तिची एक रीत विलक्षण आहे. अशा अधिकाऱ्याच्या असंतुष्ट भावाला राजाने हाताशी धरावे, इस्टेटीचे आमिष दाखवून त्याच्याकडून भावाचा वध करवावा आणि मग बंधुहत्येच्या आरोपाखाली त्यालाही देहान्त शिक्षा द्यावी.

या सल्ल्यातील चातुर्य क्षणभर बाजूला ठेवले, तर त्यातले सत्य भयंकर आहे. ज्या हाताने राज्याचे काम केले, त्या हाताची ओळख राज्य ठेवत नाही. काम होईपर्यंत तो हात राजाचा असतो. काम झाले की तो केवळ खुन्याचा हात उरतो. सरकारी मारेकऱ्याविषयीच्या पुढच्या साऱ्या कथा या एका वाक्याचा विस्तार आहेत, असे म्हटले तरी चालेल.

विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसात या राजनीतीचे नाट्य झाले. राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हाती पडते, राक्षसाच्याच मित्राच्या हस्ताक्षरात एक पत्र लिहविले जाते, त्यावर त्या अंगठीची मुद्रा उठते आणि मलयकेतूचा आपल्या एकनिष्ठ अमात्यावरील विश्वास उडतो. शेवटच्या अंकात चंदनदासाला वधस्तंभाकडे नेणारे चांडाळ हेही वस्तुतः चाणक्याचे हेरच असतात. त्यांच्या हातचा शूळ खोटा, पत्र खोटे, वध खोटा. खरे असते ते केवळ राक्षसाचे मित्रप्रेम. नाटक म्हणूनच हा खेळ सुखान्त होतो. प्रत्यक्ष इतिहासात मुद्रा खोटेपणाने उठली की मान मात्र खरीच उडते.

आता बिदरकडे वळू. औराद तालुक्यातील चिंताकीसारख्या गावातून कचेरीच्या वा बाजाराच्या कामासाठी बिदरला जाणाऱ्या माणसाला जुन्या शहरातील महमूद गावानचा मदरसा अपरिचित नसतो. १४७२ मध्ये उभ्या राहिलेल्या या तीन मजली विद्यालयाचा एक मनोरा आणि त्यावरील रंगीत फरशीकामाचे अवशेष आजही दिसतात. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग ढासळला. या मदरशाच्या ग्रंथालयात सुमारे ३००० ग्रंथ होते असे सांगतात. ते जमविणारा महमूद गावान हा इराणातील गिलान प्रांताचा. व्यापारी म्हणून तो दाभोळ बंदरात उतरला, बिदरला आला आणि बहामनी दरबारात वजीरपदापर्यंत चढला. कोकणातील खेळणा म्हणजे आजचा विशाळगड आणि पुढे १४७२ मध्ये गोवा त्याने सुलतानाला मिळवून दिले. परंतु त्याची खरी कामगिरी राज्यकारभारातली. राज्याचे चार तरफ होते, त्यांचे त्याने आठ केले. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या थेट हुकमतीखाली आणले. ज्यांची सत्ता अशी कापली गेली, ते सरदार त्याचे वैरी झाले. मलिक हसन निजामुल्मुल्क बहरी हा त्यांचा अग्रणी होता.

पुढची हकिकत फिरिश्त्याने दिली आहे. तो विजापूरच्या दरबारी, घटनेनंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास लिहीत होता, हे लक्षात ठेवून ती वाचावी. गावानचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला फितवून एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेण्यात आला. त्या कागदावर ओरिसाच्या राजाला बहामनी राज्यावर चालून येण्याचे आमंत्रण लिहिले गेले. सुलतान तिसरा महंमदशहा मद्याच्या अंमलाखाली असताना तो कागद त्याच्यापुढे ठेवला गेला. बोलावणे आले, तेव्हा मित्रांनी गावानला गुजरातेकडे निघून जाण्याचा सल्ला दिला. तो गेला नाही. सुलतानाने विचारले, धन्याशी द्रोह करणाऱ्याला शिक्षा काय? गावानने उत्तर दिले, तलवार. मग तो कागद त्याच्यापुढे टाकण्यात आला. शिक्का आपला आहे, पत्र आपले नाही, एवढेच तो सांगू शकला. सुलतानाने जौहर नावाच्या हबशी गुलामाला खूण केली आणि तो आत निघून गेला. हा दिवस होता ५ एप्रिल १४८१. स्थळ आंध्रातील कोंडापल्लीची छावणी. वजिराचे वय सत्तरीच्या पुढे गेलेले.

या प्रसंगात सर्वांना तोंड आहे. सुलतान बोलतो, वजीर बोलतो, कारस्थानी सरदार बोलतात. आपल्यासारख्या वृद्धाच्या मरणाचे विशेष काही नाही, पण त्यामुळे राज्य मात्र जाईल, अशा आशयाचे उद्गार वजिराच्या तोंडी आहेत. एक जौहर तेवढा मुका आहे. त्याने तलवार उपसली, एवढेच इतिहास सांगतो. त्या वृद्धाला तो रोज दरबारात पाहत असेल. धनी आत निघून गेल्यानंतर आणि तलवार पडण्यापूर्वी जे काही क्षण गेले असतील, त्यांत त्याच्या मनात काय आले, हे बखरकाराने विचारले नाही. कारण गुलामाला मन असते हेच त्या काळाला मान्य नव्हते. नेमक्या या क्षणाशी आधुनिक रहस्यकथाकार थांबतो. इतिहासाने एका ओळीत उरकलेल्या क्षणाला तो दोनशे पाने देतो. रहस्यकथेला वाङ्मय म्हणून काही प्रतिष्ठा द्यावयाची असेल, तर ती या कारणासाठी द्यावी.

वधानंतर गावानच्या संपत्तीची मोजदाद झाली. सुलतानाला अपार खजिना मिळण्याची आशा होती. मिळाली ती चटई, मातीची भांडी, दानधर्मासाठी वेगळी ठेवलेली रक्कम आणि मदरशाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली पुस्तके. पत्र खोटे होते हे उघड झाले. सुलतान वर्षभरातच, मार्च १४८२ मध्ये, मरण पावला. त्यानंतर बहामनी राज्याचे तुकडे होऊ लागले आणि बिदर, विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा अशी पाच राज्ये निर्माण झाली. एक कागद कोणी पडताळून पाहिला नाही, त्याची ही किंमत होती.

दुसरा कागद पुण्याचा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारदी शिरले. निमित्त थकलेल्या पगाराचे होते. सुमेरसिंग, महंमद यूसुफ, खरगसिंग हे त्यांचे नायक. रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवार त्यांच्याबरोबर. अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव जीव मुठीत धरून चुलत्याच्या दालनात धावले. त्यांच्या अंगावर स्वतःला झोकून देणारा चापाजी टिळेकर हा हुजऱ्या त्यांच्याबरोबर कापला गेला. पुढे लोकांनी सांगितले की हुकूम ‘धरावे’ असा होता, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. तो कागद कोणा संशोधकाला मिळालेला नाही, आणि आनंदीबाईंवरील या आरोपाला समकालीन लेखी आधारही नाही. तरीही मराठी भाषेने ती कथा इतकी आपली मानली की ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचारच होऊन बसला.

लोकमानसाने ही आख्यायिका का जपली, याचा विचार करण्यासारखा आहे. तीत एका अक्षरावर सारा दोष जातो. धरावयाला गेलेल्या हातांनी मारले, याचे कारण कागदावर ‘मा’ होता. हात बिचारे हुकमाचे ताबेदार! पण समजा, हुकूम खरोखरच ‘मारावे’ असा असता, आणि तो रघुनाथरावांच्याच अक्षरात असता, तर गारदी निर्दोष ठरले असते काय? ज्याचे मीठ खाल्ले, तो अठरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा समोर उभा आहे. कागद काहीही सांगो, डोळे काय सांगतात? त्याच दालनात, त्याच क्षणी, चापाजी टिळेकराच्या हाती कोणताच हुकूम नव्हता. तरीही काय करावे हे त्याला कळले. लहान नोकराला विवेक परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांना हा एक हुजऱ्या कायमचे उत्तर देऊन गेला आहे.

त्यानंतरचा भाग महाराष्ट्राला पाठ आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, दोष रघुनाथरावांवर येतो असे ठरविले आणि देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगून पुणे सोडले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ (१९०९) नाटकात हा प्रसंग रंगभूमीवर आणला, तेव्हा परकीय सत्तेखालच्या प्रेक्षकाला त्यात आपल्याच काळाचा प्रश्न दिसला. रामशास्त्र्यांचे मोठेपण हे की त्यांनी केवळ हात पकडले नाहीत. हाताच्या मागचा हुकूम शोधला. मात्र हुकूम सापडला म्हणून हात सुटले, असेही झाले नाही. बारभाईंच्या कारभारात गारद्यांच्या नायकांचा माग काढण्यात आला आणि महंमद यूसुफ पकडला जाऊन मारला गेला. दोष दोघांचा, हा तो न्याय होता.

पाश्चात्त्य वाङ्मयाने हा पेच वेगळ्या अंगाने पाहिला. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ नाटकात राजा ह्यूबर्टला आपल्या पुतण्याचा काटा काढावयास सुचवितो. अल्पवयीन आर्थरची विनवणी ऐकून ह्यूबर्टचा हात थांबतो. पुढे मुलाच्या मृत्यूची बातमी पसरून सरदार बिथरतात, तेव्हा राजा उलट ह्यूबर्टलाच दूषणे देतो की, माझ्या नुसत्या सूचनेचा तू हुकूम कसा केलास? ह्यूबर्ट राजाच्या सहीशिक्क्याचा कागद पुढे करतो. कौटिल्याची रीत आणि ह्यूबर्टचा अनुभव यांत दोन हजार कोसांचे अंतर असेल, पण अर्थ एकच आहे. विसाव्या शतकात इयान फ्लेमिंगने ठार मारण्याचा सरकारी परवाना मिळालेला जेम्स बाँड निर्माण केला, आणि जगभरच्या ग्रंथालयांत त्याची पारायणे झाली. त्याच फ्लेमिंगच्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ या कथेत बर्लिनच्या एका खिडकीत बाँड शत्रूच्या नेमबाजाला टिपण्यासाठी दबा धरून बसतो. नेमबाज एक तरुणी आहे असे दिसताच तो ऐनवेळी नेम बदलतो, तिचा जीव वाचवितो आणि नोकरी गेली तरी चालेल अशा मनःस्थितीत परततो. बिनदिक्कत मारणाऱ्या नायकाच्या निर्मात्यालाही ही कथा लिहाविशी वाटली, हे अर्थपूर्ण आहे.

ही कल्पिते झाली, असे कोणी म्हणेल. तर मग दोन खऱ्या माणसांच्या हकिकती पाहाव्यात. निकोलाय खोख्लोव हा सोव्हिएत गुप्तचर खात्याचा अधिकारी. १९५४ मध्ये त्याला पश्चिम जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे राहणाऱ्या गेओर्गी ओकोलोविच या निर्वासित रशियन पुढाऱ्याच्या वधाची व्यवस्था करण्यासाठी धाडण्यात आले. सिगारेटच्या डबीत दडविलेले, आवाज न करणारे, विषारी गोळ्यांचे शस्त्र त्यासाठी तयार होते. हा खून करू नये, असा त्याच्या पत्नीचा आग्रह होता. १८ फेब्रुवारी १९५४ रोजी खोख्लोवने ओकोलोविचच्या दाराची घंटा वाजविली आणि आपण कशासाठी पाठविले गेलो आहोत हे त्यालाच सांगून टाकले. याची किंमत त्याने मोजली. पत्नी आणि मुलगा मॉस्कोत अडकले. १९५७ मध्ये त्याच्यावर विषप्रयोग झाला, त्यातून तो कसाबसा वाचला. पुढे अमेरिकेत तो मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि २००७ मध्ये वारला.

दुसरा बोगदान स्टाशिन्स्की. याचा हात थांबला नाही. १९५७ मध्ये लेव्ह रेबेट आणि १५ ऑक्टोबर १९५९ रोजी स्तेपान बांडेरा या युक्रेनियन पुढाऱ्यांना त्याने म्युनिकमध्ये विषारी फवाऱ्याने ठार केले. सरकारने पदक दिले. परंतु चित्रपटगृहातील वार्तापटात मृताच्या अंत्यविधीची दृश्ये त्याने पाहिली आणि मनाची शांती गेली. ऑगस्ट १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या आदल्या दिवशी, तो पत्नीसह पश्चिम बर्लिनमध्ये पळाला आणि स्वतःच गुन्हा कबूल केला. १९६२ मध्ये कार्ल्सरूहे येथील न्यायालयाने मुख्य गुन्हेगार हुकूम देणारे आहेत आणि हा त्यांचा साथीदार आहे असे ठरवून त्याला आठ वर्षांची शिक्षा दिली. निकाल सौम्य झाला असे पुष्कळांना वाटले. पण त्यात रामशास्त्र्यांच्या न्यायाचा धागा दिसतो: हुकूम शोधावा, आणि हातालाही सोडू नये.

आपल्या कायद्यातही ही रेषा आखलेली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ७६ व्या कलमाने, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४ व्या कलमाने, कायद्याने बांधलेला असल्यामुळे कृत्य करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. कायद्याला अनुसरून वरिष्ठाने दिलेल्या आज्ञेवरून जमावावर गोळी झाडणाऱ्या शिपायाचे उदाहरण तेथेच दिलेले आहे. ‘कायद्याला अनुसरून’ या शब्दांत सारे सामावले आहे. मे २०११ मध्ये महाराष्ट्रातील बनावट चकमकीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला दिला आणि वरिष्ठांचा हुकूम होता हा बचाव अशा खुनाला चालणार नाही, असे बजावले. म्हणजे जौहरला जे विचारले गेले नाही, ते आजच्या शिपायाला विचारले जाते: हुकूम वाचलास, पण समोरचा माणूस पाहिलास काय?

श्रोतेहो, हा प्रश्न केवळ बंदूक बाळगणाऱ्यांचा आहे असे मानून घरी जाणे सोपे आहे. परंतु गावानच्या वधात तलवार उपसणारा एकटा जौहर होता. शिक्का उठवून देणारा, पत्र लिहिणारा, ते नेऊन ठेवणारा, आणि ते वाचूनही न पडताळणारा, असे हात पुष्कळ होते. कचेरीत बसून कोऱ्या कागदावर शिक्का मारणाऱ्याला आपण कोणाची मान कापीत आहोत, हे कधी कळतही नसेल. उत्तम रहस्यकथा वाचकाला ज्या बेचैनीत सोडते, ती हीच. मारेकरी पकडला गेला, शेवटचे पान उलटले. तरी आपल्या हातून असा एखादा शिक्का कधी उठला काय, ही शंका मागे उरते.

या सीमाभागाने राजवटी पुष्कळ पाहिल्या. बहामनी गेले, बरीदशाही गेली, मोगल आले, निजामी आली. १९४८ मध्ये ती संपली आणि १९५६ मध्ये हा मुलूख कानडी राज्यात गेला. प्रत्येक राजवटीचे हुकूम वेगळ्या भाषेत आले, आणि मराठी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या येथल्या माणसांनी ते ऐकले. हुकूम वाचता येणे वेगळे आणि तो पारखता येणे वेगळे, हे येथल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरी पारखण्याची सवय टिकवावयाची तर कोठेतरी बसून, घाई न करता, एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावा लागतो. त्यासाठी ग्रंथालय असते. ज्या वजिराने बिदरात तीन हजार पुस्तके जमविली, त्याचा जीव एका न वाचलेल्या, न पडताळलेल्या कागदाने घेतला. त्याची कबर बिदर शहराबाहेर आहे आणि पुस्तके कालौघात नाहीशी झाली.

शंभर वर्षे ज्यांनी या संस्थेची कपाटे उघडी ठेवली, त्यांनी वाचकाच्या हाती ज्ञानेश्वरीही दिली आणि फाटक्या पुठ्ठ्याची रहस्यकथाही दिली. दोन्ही देण्यात त्यांनी चूक केली नाही. सायंकाळी ग्रंथपालाच्या टेबलाशी येऊन ‘एखादी चांगली मारामारीची द्या’ असे म्हणणाऱ्या वाचकाला ती अवश्य द्यावी. शक्य तर अशी द्यावी की, जिच्यात मारणारा एकदा तरी थांबून समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहतो.